पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी : काय दिसते, काय दिसत नाही

यंदाच्या स्मरणिकेसाठी सर्वसामान्य वाचकांस उपयोगी पडेल असा एखादा लेख द्यावा, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यास मला फारसा वेळ लागला नाही. बडोद्यात सोनोग्राफीचे काम करीत असताना एक प्रश्न मला दिवसातून अनेकदा ऐकावा लागतो : ‘‘डॉक्टर, बाळ नॉर्मल आहे ना?’’ मराठी, गुजराती, हिंदी अशी भाषा बदलते, प्रश्न तोच असतो. आणि तो बहुधा पाचव्या महिन्यातील तपासणीच्या वेळी विचारला जातो. विचारणाऱ्यास ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दाची अपेक्षा असते. त्या एका शब्दात या तपासणीचे सामर्थ्य मावत नाही आणि तिच्या मर्यादाही मावत नाहीत. होणाऱ्या आई-वडिलांना, आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे त्यांच्याबरोबर येणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही, काही गोष्टी आधीच ठाऊक असल्या तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

प्रथम वेळेविषयी. गर्भारपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची वैद्यकीय पद्धत आहे. या हिशेबाने अठरा ते बावीस आठवडे हा या तपासणीचा योग्य काळ; मी स्वतः एकोणिसावा किंवा विसावा आठवडा सुचविते. घरातील हिशेब महिन्यांचा असतो. ‘पाचवा लागला’ आणि ‘पाचवा संपला’ यांत चार आठवड्यांचे अंतर असते आणि नेमक्या त्याच चार आठवड्यांत ही तपासणी बसवावयाची असते. म्हणून गर्भवतीने आपले दिवस आठवड्यांत मोजण्याची सवय लावून घ्यावी. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून ठरलेले वय अधिक विश्वसनीय असते. विसाव्या आठवड्यात मापांवरून काढलेल्या वयात आठ-दहा दिवसांचा फरक पडू शकतो आणि पुढे तो वाढत जातो. तेव्हा पहिल्या तपासणीत ठरलेली प्रसूतीची तारीख प्रत्येक नव्या अहवालागणिक बदलत बसू नये.

अठरा आठवड्यांच्या आधी अवयव तयार झालेले असतात, परंतु फार लहान असतात. विसाव्या आठवड्यात संपूर्ण बाळाचे वजन तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम आणि डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर असते. त्याचे हृदय एखाद्या बोराएवढे असते. त्या बोरात चार कप्पे, झडपा आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्या ओळखावयाच्या असतात. याउलट अठ्ठावीस-तीस आठवडे झाले की हाडे टणक होऊन त्यांच्या सावल्या पडू लागतात, बाळाभोवतीची मोकळी जागा कमी होते आणि एखादा गंभीर दोष आढळलाच तर विचार करण्यास, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास अवधी उरत नाही. पुष्कळ घरांत ‘डोहाळजेवण होऊन जाऊ द्या, मग सोनोग्राफी करू’ असे म्हटले जाते. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, शेजारच्या गुजराती घरातील खोळो भरण्याचा समारंभही सातव्याच महिन्यात. तोपर्यंत या तपासणीची वेळ निघून गेलेली असते.

यंत्र कसे चालते

ही तपासणी क्ष-किरणांची नव्हे, हे अजूनही सांगावे लागते. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. आमच्या यंत्राचा ध्वनी वीस लाखांपासून पन्नास-साठ लाख कंपनांचा असतो. तो शरीरातील मऊ भागांतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, निरनिराळ्या पेशीजालांच्या सीमांवरून परततो आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर मोजून चित्र उभे करते. पोटावर लावला जाणारा थंडगार चिकट पदार्थ औषध नव्हे. तपासणीचे उपकरण आणि कातडी यांच्यामधली हवा घालविण्यासाठी तो असतो, कारण हवेतून हा ध्वनी पुढे जात नाही.

बडोद्याच्या वाचकांस या यंत्राचा इतिहास विशेष जवळचा वाटावा. येथील कारखान्यांत बॉयलरचे, नळ्यांचे वेल्डिंग तपासण्यासाठी ध्वनिलहरींचे जे उपकरण वापरतात, तेच आमच्या यंत्राचे पूर्वज होय. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनविणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात नेल्या आणि धातूतील चिरा शोधणाऱ्या उपकरणाने त्या तपासून पाहिल्या. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे येतात असे त्यांना आढळले. जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर आणि टॉम ब्राउन हे अभियंते यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजपर्यंत निदानासाठी योग्य मर्यादेत वापरलेल्या या ध्वनीमुळे गर्भास अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि ‘अपाय नाही’ याचा अर्थ ‘हौसेखातर कितीही वेळा करावी’ असा नव्हे. कारण असेल तेव्हा, आवश्यक तेवढाच वेळ, हा नियम आम्ही पाळतो. बाळाच्या चेहऱ्याचे त्रिमितीय रंगीत छायाचित्र सुंदर दिसते खरे, परंतु निदानाचे बहुतेक काम साध्या करड्या-काळ्या चित्रावरच होते. ज्या केंद्रात चेहऱ्याचे छायाचित्र उत्तम मिळाले तेथील तपासणी उत्तम, असा निष्कर्ष काढू नये.

डोक्यापासून पायापर्यंत

तपासणीस साधारणतः अर्धा तास लागतो. बाळ पालथे असेल, पाठ वर करून बसले असेल किंवा आईच्या पोटावर चरबीचा थर जाड असेल तर अधिक वेळ लागतो. ‘जरा फिरून या, काही खाऊन या’ किंवा ‘आठवड्याने पुन्हा या’ असे आम्ही सांगतो तेव्हा काही तरी लपवीत आहोत असे समजण्याचे कारण नाही. न दिसलेला अवयव ‘दिसला’ असे लिहिण्यापेक्षा पुन्हा बोलावणे केव्हाही चांगले.

डोक्याचा घेर, मेंदूच्या पोकळ्यांची रुंदी आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू हे आम्ही पाहतो. पोकळीची रुंदी दहा मिलिमीटरपेक्षा कमी असावी लागते. पाठीचा कणा तर आम्ही मणका-मणका करून पाहतोच. परंतु कण्यातील उघड्या दोषाची पहिली सूचना पुष्कळदा कण्यात न मिळता डोक्यात मिळते, ही या शास्त्रातील मोठी मनोवेधक गोष्ट आहे. मज्जारज्जू उघडा राहिला की मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो. त्यामुळे कवटीचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी चेपून लिंबासारखा दिसतो आणि लहान मेंदू वाकून केळ्यासारखा. लंडनमधील निकोलायडेस, कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली या खुणांचे वर्णन केले आणि ‘लिंबू’ व ‘केळे’ ही नावे जगभर रूढ झाली. कमरेजवळचा दोन-तीन मणक्यांचा दोष बाळाच्या स्थितीमुळे निसटू शकतो. डोक्यातील ही फळे सहसा निसटत नाहीत.

येथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिचा उपयोग तपासणीच्या खोलीत येण्यापूर्वीच व्हावयास हवा. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत बंद होते. पाळी चुकली, घरच्या घरी तपासणी झाली, मग डॉक्टरांकडे गेलो, या क्रमात तो काळ बहुधा संपलेला असतो. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या आधीच सुरू करावयाची असते. ज्यांच्या आधीच्या बाळात असा दोष होता त्यांना चार ते पाच मिलिग्रॅम, म्हणजे दहापट किंवा त्याहून अधिक मात्रा द्यावी लागते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गोळीने दोषाची पुनरावृत्ती जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसून आले. इतक्या स्वस्त गोळीने इतके मोठे संकट टळत असताना लग्नाच्या याद्यांत मुहूर्त, मंगल कार्यालय, मेजवानी सर्व काही असते आणि या गोळीचे नाव कोणीही काढीत नाही.

चेहऱ्यात डोळ्यांच्या खोबण्या आणि वरचा ओठ पाहतो. दुभंगलेला ओठ बहुधा दिसतो. ओठ चांगला असून केवळ टाळू दुभंगलेली असेल तर ती सहसा दिसत नाही. छाती आणि पोट यांच्यामधील पडदा सलग आहे का, जठरात गिळलेल्या गर्भजलाचा काळा ठिपका आहे का, पोटाची भिंत बंद आहे का, दोन्ही मूत्रपिंडे व मूत्राशय दिसतात का, चारही हातपाय आहेत का, पावले आत वळलेली आहेत का, नाळेत दोन रोहिण्या व एक नीला अशा तीन वाहिन्या आहेत का, हे क्रमाने पाहिले जाते. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल हे मुख्यतः बाळाचे मूत्रच असते. त्यामुळे गर्भजल अतिशय कमी दिसले की आमचे लक्ष प्रथम मूत्रपिंडांकडे जाते.

सर्वांत अधिक वेळ हृदयास द्यावा लागतो, कारण जन्मजात दोषांमध्ये हृदयाचे दोष सर्वाधिक. हजार जन्मांमागे सुमारे आठ. चार कप्पे सारखे दिसले म्हणजे हृदय निर्दोष, असे एके काळी समजत असत. परंतु शरीरास रक्त पुरविणारी महारोहिणी आणि फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी यांची अदलाबदल झालेली असली तरी चार कप्पे अगदी व्यवस्थित दिसतात. म्हणून त्या दोन रक्तवाहिन्या कोठून निघतात आणि एकमेकींना ओलांडून जातात की नाही, हे पाहणे आता आवश्यक मानले जाते. अहवालात या दोन वाहिन्यांचा उल्लेख आहे किंवा नाही, हे वाचकांनी जरूर पाहावे.

बाळाखेरीज वार आणि गर्भाशयमुख पाहणे हाही याच तपासणीचा भाग आहे. वार खाली आहे असे ऐकताच घरात कायमची विश्रांती सुरू होते. वस्तुस्थिती अशी की, विसाव्या आठवड्यात खाली असलेल्या वारांपैकी दहांत नऊ गर्भाशय वाढेल तशा वर सरकतात. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहावे, मध्यंतरी रक्तस्राव झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे; एवढे पुरेसे असते. गर्भाशयमुखाची लांबी मात्र २५ मिलिमीटरपेक्षा कमी आढळली तर अकाली प्रसूतीचा धोका असतो आणि प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाने तो कमी करता येतो. एवढ्या साध्या मापाने पुढचे कित्येक आठवडे वाचू शकतात, हे लक्षात घेऊन या मापास कंटाळू नये.

जे दिसत नाही

आता मर्यादा. शंभर नवजात बालकांपैकी दोन-तीन बालकांत एखादा मोठा जन्मजात दोष असतो. त्यांपैकी सर्व दोष या तपासणीत सापडतात असे मुळीच नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या तपासणी-कार्यक्रमासाठी काही अपेक्षित प्रमाणे ठरविली आहेत. ती मी रुग्णांना मुद्दाम सांगते. डोक्याची कवटीच न बनणे हा दोष शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव वेळा सापडावा; पाठीचा उघडा कणा नव्वद वेळा; दुभंगलेला ओठ पंचाहत्तर वेळा; छाती-पोटामधील पडद्यास छिद्र साठ वेळा; आणि हृदयाचे गंभीर दोष पन्नास वेळा. सुसज्ज यंत्रणा आणि प्रशिक्षित तपासनीस असलेल्या देशात ही अपेक्षा आहे. तेव्हा ‘सोनोग्राफीत सर्व चांगले होते, मग हे कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी कोणाच्या तरी निष्काळजीपणात शोधता येत नाही. काही दोष विसाव्या आठवड्यात अस्तित्वातच नसतात. आतड्यातील काही अडथळे, काही प्रकारची बुटकी वाढ, मेंदूतील पाण्याची वाढ ही पुढच्या महिन्यांत प्रकट होतात.

सोनोग्राफी आकार पाहते. कार्य फार थोडे पाहते. बहिरेपणा, अंधत्व, स्वमग्नता, मतिमंदत्वाची बहुतेक कारणे आणि रक्ताचे आजार यांपैकी काहीही तिच्यात दिसत नाही. थॅलेसेमियाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. गुजरातेत लोहाणा, सिंधी आदी समाजांत आणि सिकल सेलच्या बाबतीत आदिवासी समाजात या जनुकांचे प्रमाण अधिक आहे. आता आंतरजातीय विवाह सर्रास होतात, तेव्हा ‘आपल्यात नसते’ असे कोणत्याच समाजाने समजू नये. पहिल्या तीन महिन्यांत आईची एक रक्ततपासणी आणि ती वाहक निघाल्यास वडिलांची, इतके केले तर वेळेवर सल्ला देता येतो. विसाव्या आठवड्याची अत्युत्कृष्ट सोनोग्राफी हे काम करू शकत नाही.

डाउन सिंड्रोमविषयीही हाच गैरसमज आढळतो. हा गुणसूत्रांचा दोष आहे. अशी पुष्कळ बाळे पाचव्या महिन्यात चित्रावर अगदी सर्वसाधारण दिसतात. त्यासाठी अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या मानेमागील द्रवाचे माप आणि आईच्या रक्तातील दोन द्रव्ये यांची एकत्र तपासणी करतात. २०११ पासून आईच्या रक्तात मिसळलेल्या वारेच्या जनुकद्रव्याची चाचणीही उपलब्ध झाली आहे. ती फार चांगली असली तरी चाळणीच होय. तिचा निष्कर्ष प्रतिकूल आला तर पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून गुणसूत्रे पाहिल्याखेरीज कोणताही निर्णय घेऊ नये.

अहवालातील बारीक खुणा

माझ्या मते या तपासणीने जी काही हानी होते, तिचा मोठा वाटा या खुणांच्या गैरसमजातून होतो. हृदयात चमकणारा पांढरा ठिपका, मेंदूत पाण्याची बारीकशी पुटकुळी, मूत्रपिंडाच्या मधल्या भागात किंचित अधिक पाणी अशा गोष्टी अहवालात लिहिल्या जातात. हे दोष नव्हेत. गुणसूत्रदोष असलेल्या बाळांत त्या थोड्या अधिक प्रमाणात दिसतात म्हणून त्यांची नोंद होते. परंतु असंख्य निरोगी बाळांतही त्या असतात. हृदयातील ठिपका तर आपल्या आशियाई लोकांत विशेष आढळतो. मेंदूतील पुटकुळ्या बहुधा अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत आपोआप नाहीशा होतात.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आल्या. बाहेरच्या अहवालात हृदयातील ठिपक्याचा एका ओळीचा उल्लेख होता. त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता आणि नातेवाइकांनी ‘हृदयाला छिद्र आहे’ असा त्याचा अर्थ लावून गर्भपाताची चर्चाही सुरू केली होती. बाई आठ रात्री झोपल्या नव्हत्या. पुन्हा तपासले, हृदयाचे कप्पे, झडपा, दोन्ही वाहिन्या व्यवस्थित होत्या, दुसरी कोणतीही खूण नव्हती आणि तिसऱ्या महिन्यातील चाचणीत धोका अत्यल्प होता. मी त्यांना एवढेच सांगितले की हा ठिपका म्हणजे झडपेच्या दोरीवरील कॅल्शियमचा कण आहे, त्याने हृदयाच्या कामात काही बिघडत नाही. असा शब्द अहवालात दिसला तर घरात अर्थ लावीत बसण्याऐवजी ज्याने लिहिला त्यालाच अर्थ विचारावा. तो त्याचा कर्तव्यभाग आहे. विचारण्यात संकोच कसला? मूत्रपिंडातील अधिकचे पाणी बत्तिसाव्या आठवड्यात व जन्मानंतर पुन्हा पाहावे लागते, मात्र पुष्कळदा ते आपोआपच नाहीसे होते.

दोष आढळला तर

असे क्वचित घडते, परंतु घडते. तेव्हा पहिला प्रश्न ‘ठेवायचे की नाही’ हा नसून ‘नेमके काय आहे आणि त्यावर काय करता येते’ हा असला पाहिजे. दुसऱ्या अनुभवी तज्ज्ञाकडून तपासणी, आवश्यक तेथे गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी, गर्भजलाची परीक्षा आणि बालशल्यचिकित्सकाशी प्रत्यक्ष भेट इतके झाल्याखेरीज निर्णय घेऊ नये. आत वळलेली पावले जन्मानंतर पॉन्सेटी पद्धतीच्या प्लॅस्टरने सरळ होतात. दुभंगलेला ओठ तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शिवता येतो. केवळ अशा दोषासाठी गर्भ नको म्हणणाऱ्या दांपत्यांना मी नेहमी शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे दाखविते.

मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या एका बाळाचे निदान विसाव्या आठवड्यातच झाले होते. आई-वडील मध्यमवर्गीय, वडील कारखान्यात पर्यवेक्षक. अशा बाळाचे शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळण्याचा जो जन्मापूर्वीचा मार्ग असतो तो जन्मानंतर बंद होऊ लागतो आणि बाळ निळे पडते. निदान आधी नसेल तर ते बाळ नेहमीच्या प्रसूतिगृहात जन्मते आणि मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर त्याची अवस्था बिघडते. या दांपत्याने प्रसूतीच अहमदाबादेस, हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी करविली. जन्मताच तो मार्ग उघडा ठेवणारे औषध शिरेतून सुरू झाले आणि दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. सोनोग्राफीने त्या बाळाचे हृदय सुधारले नाही. परंतु बाळ कोठे जन्मावे हे चार महिने आधी सांगितले.

काही दोषांवर मात्र इलाज नसतो. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे ठाऊक असावे. १९७१च्या कायद्याने गर्भपातासाठी वीस आठवड्यांची मर्यादा घातली होती. २००८ साली मुंबईतील एका दांपत्याने चोविसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयातील दोष कळल्यावर उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली, ती मिळाली नाही. त्या वेळी या मर्यादेविषयी देशभर चर्चा झाली. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टराचे आणि वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत, गर्भातील गंभीर दोषासह काही ठरावीक कारणांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास शासनाने नेमलेले वैद्यकीय मंडळ निर्णय देते; अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्याने मत द्यावयाचे असते. स्त्री सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते. पतीची किंवा सासरची नव्हे. कायदा इतका स्पष्ट असूनही अहवाल प्रथम सासऱ्यांच्या हाती देण्याची प्रथा आहे. मी तो त्या स्त्रीच्याच हाती देते आणि तिला जवळ बसवून सांगते. क्वचित वडीलधाऱ्यांना राग येतो. तो मी सहन करते.

मुलगा की मुलगी

हा प्रश्न आता उघडपणे कमी विचारला जातो, आडून विचारला जातो : ‘‘पेढे आणू की जिलबी?’’ याचे उत्तर मिळणार नाही, शब्दाने नाही आणि खुणेनेही नाही. महाराष्ट्राने याविषयी देशात सर्वप्रथम, १९८८ साली, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, तो १९९६पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. सांगणाऱ्या डॉक्टराला तुरुंगवास आहे आणि विचारणाऱ्या नातेवाइकांनाही. गर्भवतीवर मात्र सक्ती झाली असेच कायदा गृहीत धरतो. शून्य ते सहा वर्षे वयोगटात गुजरातेत हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९२८ मुली होत्या, २००१ साली ८८३ आणि २०११ साली ८९०. महाराष्ट्राचे आकडे अनुक्रमे ९४६, ९१३ आणि ८९४. दोन्ही प्रांत सुशिक्षित आणि सधन म्हणविणारे. आपण बडोदेकर मराठी दोन्हींकडचे, त्यामुळे कोणाकडे बोट दाखविण्याची सोय आपल्याला नाही. तपासणीपूर्वी भरावा लागणारा ‘एफ’ नमुना, त्यावरील सही आणि ओळखपत्राची मागणी यांमुळे काहींना अपमान वाटतो. ही कायद्याने सक्तीची नोंद आहे. ती दोन वर्षे जपून ठेवणे आम्हांस बंधनकारक असते.

तपासणीस येताना

उपाशीपोटी येण्याची गरज नाही आणि तास-तास लघवी रोखून बसण्याचीही नाही. ओळखपत्र, पाठविणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, आधीचे सर्व सोनोग्राफी अहवाल आणि रक्ततपासण्या बरोबर आणाव्यात. मधुमेह, फिटची औषधे, आधीच्या बाळातील दोष किंवा नात्यातील विवाह या गोष्टी न विचारताही सांगाव्यात. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न झालेली दांपत्ये आजही येतात आणि ती माहिती दडवितात. जुळे असेल तर दोघांची वार एक आहे की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांतच ठरवून घ्यावे. पाचव्या महिन्यात ते सांगणे कठीण जाते. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी लागते. पतीने आत यावे. दोन माणसांनी ऐकलेले एकट्याने ऐकल्यापेक्षा अधिक लक्षात राहते.

आणि आपल्या समाजापुरती एक सूचना. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने येथील सुना पुण्या-नाशिकला जातात आणि तिकडच्या लेकी सातव्या महिन्यानंतर बडोद्यास येतात. येताना ओटीचे सामान असते, फाइल मात्र सासरच्या कपाटात राहते. फक्त ‘सर्व ठीक आहे’ या तोंडी निरोपावर तिकडच्या डॉक्टरांना काम करता येत नाही. पाचव्या महिन्याच्या अहवालाची मूळ प्रत, त्यासोबतच्या छायाचित्रांसह, प्रवासाच्या हातातील पिशवीत ठेवावी. वार खाली होती का, मूत्रपिंडात पाणी होते का, पुन्हा कधी तपासावयास सांगितले होते, हे सारे तिच्यावरच लिहिलेले असते.